भुईमुगाचे प्रकार : ओळख, लागवड आणि वर्गवारी

पुण्याच्या मार्केट यार्डात शेंगदाण्याचे भाव जाडा, स्पॅनिश, घुंगरू, टीजे अशा नावांनी निघतात. निर्यातदार तशाच मालाला बोल्ड आणि जावा म्हणतो, बियाण्याच्या पिशवीवर टीएजी-२४ किंवा फुले उन्नती असे वाणाचे नाव छापलेले असते, आणि बांधावर उभा असलेला शेतकरी उपट्या, निमपसऱ्या व पसऱ्या या तीन शब्दांत पीक ओळखतो. यातले प्रत्येक नाव निरनिराळी गोष्ट सांगते. व्यापारी दाण्याचा आकार आणि रूप पाहतो, पैदासकार वंशावळ पाहतो आणि शेतकरी झाडाची ठेवण पाहतो. दोन ओळींत किती अंतर ठेवायचे, पीक किती दिवस शेतात राहणार, काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगा जमिनीतच उगवतील की टिकतील, हे प्रश्न मात्र झाडावर फुले नेमकी कोठे लागतात यावरून सुटतात. म्हणून या मार्गदर्शिकेत ओळखीची सुरुवात दाण्यापासून न करता खोडापासून केली आहे.

मुख्य खोडावर फूल आहे का?

लागवडीखालचा सगळा भुईमूग अरॅकिस हायपोजिया या एकाच प्रजातीचा आहे. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले. दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यात दोन रानटी प्रजातींच्या संकरातून ही चाळीस गुणसूत्रांची प्रजाती निर्माण झाली. क्रापोविकास आणि ग्रेगरी या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात तिच्या दोन उपप्रजाती आणि त्यांखाली सहा वनस्पतिशास्त्रीय प्रकार आहेत. आपल्याकडे त्यांपैकी तीनच प्रकारांशी गाठ पडते. हायपोजिया या उपप्रजातीत व्हर्जिनिया प्रकार येतो. फॅस्टिजियाटा या उपप्रजातीत स्पॅनिश आणि व्हॅलेन्सिया हे दोन प्रकार येतात.

या दोन उपप्रजाती वेगळ्या करायला भिंग लागत नाही. पेरणीनंतर तीस ते चाळीस दिवसांनी, सकाळी आठच्या आत शेतात जावे, कारण भुईमुगाचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढल्यावर कोमेजते. एक झाड निवडून त्याचे सरळ वर गेलेले मधले खोड बोटांनी मोकळे करावे. जमिनीलगत त्याला समोरासमोर फुटलेल्या दोन फांद्या असतात. त्या सोडून द्याव्यात आणि त्यांच्या वर मुख्य खोडावर पानाच्या बेचक्यात फूल, कळी किंवा कोमेजलेल्या फुलाचा धागा दिसतो का, ते पाहावे. दिसला तर झाड फॅस्टिजियाटाचे, म्हणजे स्पॅनिश किंवा व्हॅलेन्सिया आहे. पाचसहा झाडे पाहूनही मुख्य खोड कोरेच राहिले आणि फुले फक्त बाजूच्या फांद्यांवर आढळली, तर तो व्हर्जिनिया आहे.

शंका राहिल्यास बाजूची एक फांदी खोडाकडून टोकाकडे पेरापेराने पाहत जावे. व्हर्जिनियात दोन पेरांवर डहाळ्या, पुढच्या दोन पेरांवर फुले, पुन्हा दोन पेरांवर डहाळ्या असा आळीपाळीचा क्रम चालतो. स्पॅनिश आणि व्हॅलेन्सियात एकापुढच्या एका पेरावर सलग फुले येत जातात. या सलग फुलण्यामुळे त्यांच्या शेंगा झाडाच्या बुडाशी गोळा होतात, पीक लवकर आणि बरेचसे एकदम तयार होते आणि झाड उपटले की बहुतेक शेंगा त्याबरोबर येतात. आपल्याकडे अशा जातींना उपट्या म्हणतात ते यामुळेच. पसऱ्या जातींच्या शेंगा मात्र जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांच्या बाजूने लांबवर लागतात आणि काढणीत त्यांच्यामागे कुदळ किंवा नांगर फिरवावाच लागतो.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. उपट्या आणि पसऱ्या ही ठेवणीची नावे आहेत, तर स्पॅनिश, व्हॅलेन्सिया आणि व्हर्जिनिया ही फुलण्याच्या पद्धतीवर बेतलेली नावे आहेत, त्यामुळे दोन्हींची जोडी नेहमी जुळेलच असे नाही. व्हर्जिनियात जमिनीसरपट पसरणारे वाण आहेत तसेच अर्धवट उभे राहणारे निमपसरे वाणही आहेत. दाट पेरलेला निमपसरा वाण शेजारच्या झाडांच्या आधाराने इतका ताठ राहतो की लांबून तो उपट्याच वाटतो. अशा वेळी ठेवणीवर विसंबून न राहता मुख्य खोड पाहावे.

स्पॅनिश आणि व्हॅलेन्सिया यांतला फरक त्या मानाने सोपा आहे. स्पॅनिशला फांद्या बऱ्यापैकी फुटतात, शेंगा लहान असतात आणि शेंगेत बहुधा दोनच गोलसर, फिक्या गुलाबी सालीचे दाणे असतात. व्हॅलेन्सियाला फांद्या थोड्या पण जाड असतात, खोडावर अनेकदा जांभळट झाक असते आणि लांब शेंगेत तीन-चार दाणे एकमेकांना चेपून बसलेले आढळतात. त्यांची साल बहुधा लाल किंवा जांभळी असते. आपल्याकडचा गंगापुरी हा व्हॅलेन्सियाचा नमुना आहे. उकडून खायला असा माल उत्तम लागतो, परंतु तेलासाठी किंवा मोठ्या क्षेत्रावर तो लावण्यात फारसा अर्थ नाही.

ओळखीचा वाफा

हाती आलेला नमुना कोणत्या प्रकारचा आहे हे खात्रीने ठरवायचे असेल, तर त्याचा लहानसा वाफा लावणे हाच खरा मार्ग आहे. नमुना शेंगांच्या रूपात मिळवावा, कारण फोडलेल्या दाण्यांत शेंगेची अर्धी ओळख आधीच निघून गेलेली असते. प्रत्येक नमुन्यातल्या दहा शेंगा न फोडता कागदी पाकिटात ठेवून द्याव्यात, म्हणजे पुढे तुलनेला उपयोगी पडतात. उरलेल्या शेंगा पेरणीच्या आधी आठवडाभरात हाताने फोडाव्यात. यंत्राने फोडलेल्या दाण्याची साल खरचटते, दाणे दुभंगतात आणि उगवण घटते.

प्रत्येक नमुन्याची तीन मीटर लांबीची एक स्वतंत्र ओळ करावी. दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर आणि दोन दाण्यांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवावे. उत्पन्नासाठी हे अंतर उपट्या जातींना जास्तच आहे, पण येथे उद्देश ओळखीचा असल्यामुळे फांद्या मोकळेपणाने वाढलेल्या दिसायला हव्यात. दाणा पाच सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. ओळीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात आणि नमुन्याचे नाव वहीतही लिहावे, कारण खुंटीवरची शाई पहिल्या पावसात जाते. माहीत असलेल्या वाणाची एक ओळ मध्ये टाकली, उदाहरणार्थ स्पॅनिशसाठी टीएजी-२४ किंवा एसबी-११, तर नजरेला मोजमाप मिळते.

वाफ्यातल्या नोंदी चार वेळा घ्याव्यात. पहिली नोंद तिसऱ्या आठवड्यात पानांच्या रंगाची. व्हर्जिनियाची पाने गर्द हिरवी आणि स्पॅनिशची पोपटी छटेची असतात, मात्र लोहाची कमतरता असलेल्या चुनखडीच्या जमिनीत सगळीच पाने पिवळी पडतात आणि ही खूण निरुपयोगी ठरते. दुसरी नोंद वर सांगितलेल्या मुख्य खोडाची, आणि तीच निर्णायक. तिसरी सत्तराव्या दिवसाच्या सुमारास झाडाच्या पसाऱ्याची आणि आऱ्या, म्हणजे फुलाच्या जागेवरून जमिनीकडे जाऊन शेंग धरणारे देठ, कोठपर्यंत सुटल्या आहेत याची. चौथी नोंद काढणीच्या दिवसाची. स्पॅनिश आणि व्हॅलेन्सिया खरिपात साधारण ९० ते ११० दिवसांत तयार होतात. निमपसऱ्या आणि पसऱ्या जाती १२० दिवसांच्या आत बहुधा येत नाहीत आणि काही पसऱ्या जाती पाच महिन्यांजवळ जातात.

वीस झाडांच्या ओळीत दोन झाडे वेगळी निघाली, तर वाण बिघडला असा निष्कर्ष लगेच काढू नये. भुईमुगात बहुतेक स्वपरागीभवन होते. फूल पूर्ण उमलण्याच्या सुमारासच परागण उरकलेले असते आणि मधमाश्यांमुळे होणारा संकर अगदी थोडा असतो. ओळीतली वेगळी झाडे बहुधा खळ्यावर, मळणीयंत्रात किंवा पोत्यात झालेल्या भेसळीची असतात. ती फुलोऱ्यातच उपटावीत आणि बाकीची ओळ बियाण्यासाठी राखावी.

नव्या वाणांच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. टीपीजी-४१ हा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला वाण स्पॅनिश गटात गणला जातो, परंतु त्याचा दाणा व्हर्जिनियासारखा टपोरा आहे आणि त्याला काढणीनंतर काही दिवसांची सुप्तावस्थाही आहे, म्हणजे ओल मिळाली तरी तेवढे दिवस दाणा उगवत नाही. पैदासकार दोन्ही गटांचे गुण मुद्दामच एकत्र आणतात. दाण्याच्या आकारावरून प्रकार सांगणारा माणूस येथे हमखास फसतो.

शेंग आणि दाणा कसा पाहावा

शेंगेच्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : टोकाची चोच बोथट आहे की अणकुचीदार, दोन दाण्यांमधली कंबर खोल आहे की उथळ, टरफलावरची जाळी ठळक आहे की पुसट, आणि शेंगेत किती दाणे आहेत. यासाठी पक्व शेंगाच घ्याव्यात, कारण कोवळ्या शेंगेची जाळी कोणत्याही प्रकारात पुसटच असते. तीन-चार दाण्यांची शेंग दिसली की व्हॅलेन्सिया असे म्हणण्याची घाई करू नये. व्हर्जिनियाच्याच उपप्रजातीत हिर्सुटा हा दक्षिण अमेरिकेतला एक प्रकार आहे आणि त्याच्याही शेंगा लांब व अनेकदाणी असतात.

सालीचा रंग ही वाण ओळखण्याची खूण आहे, प्रकार ओळखण्याची नाही. गुलाबी, लाल, पांढऱ्या, जांभळ्या आणि ठिपकेदार सालीचे दाणे वेगवेगळ्या प्रकारांत सापडतात. शिवाय साठवणीत साल काळवंडते, त्यामुळे गेल्या वर्षीचा गुलाबी दाणा यंदा तपकिरी दिसू शकतो. रंगाची नोंद काढणी करून वाळवल्यावर महिन्याभरात घ्यावी.

यापेक्षा उपयोगाची मोजमापे दोन आहेत. वाळलेल्या दोनशे ग्रॅम शेंगा फोडून दाण्यांचे वजन करावे. त्याला दोनने भागले की दाण्याचा टक्केवारीतला उतारा मिळतो. पातळ टरफलाच्या स्पॅनिश वाणांत तो ७० ते ७५ पर्यंत जातो, जाड टरफलाच्या व्हर्जिनियात सहसा त्याहून कमी राहतो. दुसरे माप म्हणजे न निवडता उचललेल्या शंभर चांगल्या दाण्यांचे वजन. निर्यातीच्या प्रतवारीचा संबंध या वजनाशी आहे, कारण ४०-५०, ५०-६० किंवा ८०-९० हे तिथले आकडे म्हणजे एका औंसात, अर्थात २८.३५ ग्रॅममध्ये, बसणाऱ्या दाण्यांची संख्या होय. शंभर दाण्यांच्या वजनाने २८३५ ला भागले की आपला माल कोणत्या खान्यात पडतो ते कळते. शंभर दाणे ३५ ग्रॅम भरले तर उत्तर ८१ येते आणि माल ८०-९० च्या प्रतीत जातो. ५० ग्रॅम भरले तर ५०-६० मध्ये आणि ६५ ग्रॅम भरले तर ४०-५० मध्ये. व्यापाऱ्याशी बोलण्याआधी हा हिशेब घरी करून जाणे केव्हाही चांगले. या भाषेत जावा म्हणजे स्पॅनिश धाटणीचा गोलसर दाणा आणि बोल्ड म्हणजे व्हर्जिनिया धाटणीचा लांबट, मोठा दाणा.

प्रकार पाहून लागवड

खरिपात पेरणी १५ जून ते १५ जुलै या काळात पुरेसा पाऊस होऊन वापसा आल्यावर आणि उन्हाळी पेरणी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारीच्या दरम्यान थंडी ओसरताना करावी. रात्रीचे तापमान १८ अंशांच्या खाली राहिले तर दाणा जमिनीत पडून राहतो आणि कुजतो. उन्हाळ्यासाठी उपट्या जातीच निवडाव्यात, कारण लांब मुदतीची पसरी जात वळवाच्या आणि मग मृगाच्या पावसात सापडते. कोकणात आणि गोव्यात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत भुईमूग घेतात, तेथेही कमी दिवसांचा वाणच सोयीचा. घाटालगतच्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत खरिपासाठी पूर्वीपासून कराड ४-११ सारखी पसरी आणि कोयना सारखी निमपसरी जात घेतली जात असे, त्यामागे तिथल्या लांब पावसाळ्याचा हिशेब होता.

उपट्या जातींना ३० बाय १० सेंटिमीटर, निमपसऱ्यांना ४५ बाय १० आणि पसऱ्यांना ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. हेक्टरी बियाणे लहान दाण्याच्या उपट्या जातींसाठी सुमारे १०० किलो, टपोऱ्या दाण्याच्या जातींसाठी १२० ते १२५ किलो आणि पसऱ्या जातींसाठी ८० ते ८५ किलो लागते. येथे शंभर दाण्यांचे वजन पुन्हा कामी येते : एकाच अंतरावर पेरताना दाणा जड असेल तर तेवढ्याच झाडांसाठी जास्त किलो लागणार, म्हणून पिशवीवरच्या आकड्यापेक्षा स्वतः केलेले माप खरे. बियाण्याला आधी पाच ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक किंवा पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी प्रतिकिलो चोळावी आणि मग रायझोबियम या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक लावून सावलीत सुकवावे. हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद पेरणीबरोबर द्यावे. नत्र वाढवल्यास झाड माजते आणि शेंगा कमी लागतात.

जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची असावी, हा सल्ला सर्वांना पाठ आहे. त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढची कामे नेमकी होतात. फलधारणेनंतर फुलाच्या बुडाशी असलेला अंडाशय देठासह लांबू लागतो, हीच आरी. ती खाली वळते, जमिनीत शिरते, आडवी होते आणि अंधारात पोहोचल्यावरच तिच्या टोकाला शेंग धरते. फूल जमिनीपासून फार उंचावर असेल तर आरी हवेतच वाळते. पसऱ्या जातीत फांद्याच जमिनीला टेकलेल्या असल्याने हा प्रश्न कमी येतो, पण उपट्या जातीच्या मुख्य खोडावरची वरची फुले बरीचशी वाया जातात. म्हणून उपट्या जातींना चाळिसाव्या दिवसाच्या आत शेवटची कोळपणी करताना मातीची भर द्यावी. त्यानंतर कोळपे किंवा खुरपे शेतात घालू नये, कारण जमिनीत शिरलेली आरी एकदा हलली की ती शेंग धरत नाही. या सुमारास रिकामे पिंप पिकावरून फिरवण्याची पद्धत उपट्या जातींत मोकळ्या जमिनीवर उपयोगी पडते. पसऱ्या जातीत ते श्रम फुकट जातात आणि ओल्या काळ्या जमिनीत त्याने उलट माती दाबली जाते.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. मुळांनी शोषलेले कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांकडे जाते, कारण बाष्पीभवन तेथून होते. मातीत गाडलेल्या शेंगेतून बाष्पीभवन नगण्य असल्यामुळे तिच्याकडे ते जवळजवळ फिरकत नाही आणि तिला लागणारे कॅल्शियम आरीने आणि टरफलाने भोवतालच्या मातीतून थेट घ्यावे लागते. वरच्या पाच-सात सेंटिमीटर मातीत ते नसेल किंवा ती माती कोरडी असेल, तर झाड हिरवेगार दिसूनही शेंगा पोचट निघतात. त्यासाठी हेक्टरी ४०० किलो जिप्सम दोन हप्त्यांत द्यावे : निम्मे पेरणीच्या वेळी आणि निम्मे आऱ्या सुटताना, झाडाच्या बुडाशी, ओल असताना. मोठ्या दाण्याच्या जातींना ही गरज जास्त असते. टपोऱ्या वाणाचे महाग बियाणे घेऊन जिप्समची दुसरी मात्रा वाचवणे म्हणजे पोचट शेंगांचा ढीग विकत घेणे आहे.

पाण्याला फुलोरा, आऱ्या सुटणे आणि दाणे भरणे या तीन अवस्थांत खंड पडू देऊ नये. टिक्का आणि तांबेरा हे पानांवरचे रोग पावसाळी हवेत बळावतात. ते साधारण दोन महिन्यांनी पसरू लागत असल्याने लांब मुदतीच्या जातींवर त्यांचा मुक्काम अधिक पडतो आणि पसरी जात निवडणाऱ्याने फवारणीची तयारी आधीपासूनच ठेवावी.

काढणी, आणि पुढच्या वर्षीचे बी

काढणीची वेळ दिवस मोजून ठरवू नये. वेगवेगळ्या ठिकाणची चारपाच झाडे उपटून शेंगा फोडाव्यात आणि टरफलाची आतली बाजू पाहावी. कोवळ्या शेंगेत ती पांढरी आणि कापसासारखी मऊ असते, पक्व शेंगेत तिथे तपकिरी ते काळे डाग उमटतात. चारांपैकी तीन शेंगा आतून डागाळलेल्या निघाल्या की काढणीला हात घालावा.

प्रकार ओळखण्याची खरी किंमत येथे कळते. बहुतेक स्पॅनिश आणि व्हॅलेन्सिया दाण्यांना सुप्तावस्था नसते. पक्व झाल्यावर चार दिवस पाऊस लागला तर दाणे शेंगेतच कोंब काढतात. या जातींच्या काढणीत आठवड्याची ढिलाई परवडत नाही. व्हर्जिनियाचे दाणे दोन-तीन महिने झोपलेले असतात, त्यामुळे पावसात ते टिकतात, परंतु खरिपात काढलेले बी लगेच उन्हाळी पेरणीला वापरले तर उगवण विरळ येऊ शकते आणि बियाणे खराब असल्याचा नाहक आरोप होतो.

काढलेली झाडे शेंगा वर करून दोन-तीन दिवस शेतातच वाळवावीत आणि मग शेंगा तोडून, दाण्यातली ओल नऊ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत सुकवाव्यात. दाणा चोळल्यावर साल सुटते आणि शेंग हलवल्यावर दाणा वाजतो, ही त्याची घरगुती खूण. ओलसर शेंगांवर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते भाजून किंवा उकडून जात नाही, म्हणून बुरसटलेला, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा वेचून फेकावा, जनावरांनाही घालू नये. उन्हाळी पिकाच्या बियाण्याच्या शेंगा मे महिन्याच्या कडक उन्हात पसरू नयेत, विरळ सावलीत वाळवाव्यात, अन्यथा उगवण जून येईपर्यंतच घसरते.

बियाण्याचा माल शेंगांच्याच रूपात, प्रत्येक ओळीचा वेगळा, हवेशीर गोणपाटात ठेवावा. गोणीच्या आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि त्यांवर पाच गोष्टी लिहाव्यात : नमुन्याचे नाव, मुख्य खोडावर फुले होती किंवा नव्हती, काढणीपर्यंतचे दिवस, दाण्याचा उतारा आणि शंभर दाण्यांचे वजन. पुढच्या हंगामात पेरणीच्या पंधरा दिवस आधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर बियाणे वाढवून पेरण्यापेक्षा ते बदलावे.